काट्याला टोचलेली पत्रकं

आमच्या घरात भिंतींना कधी धड रंग लागला नाही, पण डब्यांखालचा कागद मात्र नेहमी स्वच्छ असायचा. पत्रकं वाटून उरली की आई ती वापरायला काढायची. फडताळात अंथरायला, दुधावर झाकायला, डब्यात चटणी बांधून द्यायला. मी वाचायला शिकले ती तूरडाळीच्या डब्याखाली. ‘कामगार बंधू आणि भगिनींनो’ एवढंच डब्याबाहेर दिसायचं, पुढचं वाचायचं तर डबा उचलावा लागे. शाळेत आवडत्या ऋतूवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी उन्हाळा घेतला आणि शेवटी पाण्याच्या नळाबद्दलच्या मागण्या जोडून ‘आपली नम्र’ म्हणून सही केली. सरांनी खाली शेरा लिहिला, ‘मागण्या रास्त. ऋतू राहिला.’

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. आम्ही तेव्हा कारखान्याच्या पुढच्या गेटजवळच राहत होतो. पाळी सुटायचा भोंगा झाला की पहिल्या पाळीचे लोक बाहेर आणि दुसऱ्या पाळीचे आत, एवढ्या मधल्या वेळात पत्रकं वाटायची असत. पुढच्या गेटवर बाबा, मधल्या गेटवर मी, आणि मागचं गेट, जे कुंपणाला वळसा घालून खूप लांब होतं, ते ताईकडे. माझ्यापेक्षा ती सहा वर्षांनी मोठी. गठ्ठा छातीशी धरून ती सुटायची ती भोंगा संपायच्या आत मागच्या गेटवर. लोक तिला विचारतात, धावायला कोणी शिकवलं? ती म्हणते, भोंग्याने. मुलाखत घेणाऱ्यांना तो विनोद वाटतो.

बाबांचा एकच नियम कडक होता. पत्रक जमिनीवर राहू द्यायचं नाही. कोणी न वाचता टाकलं, वाऱ्याने उडालं, तर उचलायचं, झटकायचं आणि पुढच्या माणसाला द्यायचं. ते रागावून सांगत नसत. नुसतं म्हणत, “उचल.” आणि आम्ही उचलायचो. ताई तर कागद जमिनीवर पडायच्या आधीच झेलायची. दुसरी एक युक्तीही त्यांचीच. भिंतीवर लावायला खळ नसली की ते रेल्वेलाइनकडेच्या बाभळीचे काटे मोडून आणत आणि पत्रक झाडाला, कुंपणाच्या पोत्याला, कशालाही टोचून ठेवत. वर टोचायचं, म्हणजे दिसतं आणि शेळ्यांच्या तोंडी लागत नाही.

मग ती वर्षं आली ज्यांना वर्तमानपत्रं मोठ्या आनंदाने नवं युग म्हणत होती. कारखान्यात स्वेच्छानिवृत्ती आली. त्यात स्वेच्छा कोणाची होती ते बाबांनी एका पत्रकात लिहिलं होतं. ते त्यांचं त्या गेटवरचं शेवटचं पत्रक. आम्ही कात्रजला दोन खोल्यांत राहायला आलो. बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. ताई इंजिनिअर झाली आणि खराडीच्या एका कंपनीत लागली, काचेच्या इमारतीत, गळ्यात ओळखपत्राची दोरी अडकवून. मी तेव्हा कॉलेजात होते आणि घरात सगळ्यांत जास्त मीच चिडले. बाबा उलट खूश होते. म्हणाले, “तिथेही पाळ्याच असतात ना? मग झालं. कामगारच आहे ती.” ताई म्हणाली, “बाबा, आम्हाला रिसोर्स म्हणतात.” बाबांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, जसं नवीन भाजीचं नाव उच्चारावं.

धावणं तिने सोडलं नव्हतं. कंपनीची गाडी यायच्या आधी, पहाटे, कात्रजचा घाट चढून उतरायची. मागे बाबा सायकलवर, कॅरिअरला पाण्याची बाटली बांधून. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीत दात घासत उभे असायचे. रोज विचारायचे, “आज कोण लागलंय मागे?” ताई म्हणायची, “बाबा.” काका म्हणायचे, “मग पळायलाच हवं.” हा संवाद वर्षानुवर्षं न बदलता चालला.

तिची अंतरं वाढत गेली. बारा तास, मग दिवसरात्र. आणि कंपनीला एक दिवस शोध लागला की आपल्या तिसऱ्या मजल्यावर बसून टेस्टिंग करणारी एक मुलगी एवढं धावते. मग सगळं पटापट झालं. लिफ्टमध्ये तिचा फोटो लागला. खाली इंग्रजीत, थांबू नका, अशा अर्थाचं काहीतरी. राजस्थानात जैसलमेरच्या पुढे वाळवंटातली शर्यत होती, कित्येक दिवस चालणारी. कंपनीने तिला पाठवायचं ठरवलं. छातीवर आणि पाठीवर कंपनीचं नाव छापलेले शर्ट आले. त्याच महिन्यात तिच्या मजल्यावरच्या काही जणांना दुपारी बोलावून संध्याकाळपर्यंत घरी पाठवलं होतं.

मी पत्रक काढलं. मथळा होता, ‘धावताय, पण कोणासाठी?’ बाबांनी मुद्रित तपासलं, मजकुरात एक शब्दही बदलला नाही, फक्त म्हणाले, “बहिणीला आधी दाखवलंस का?” मी म्हणाले, तत्त्वाच्या गोष्टी घरात विचारून होत नाहीत. आणि गठ्ठा घेऊन खराडीच्या त्या गेटवर जाऊन उभी राहिले. आमच्या चिंचवडच्या गेटवर लोक निदान थांबून नाही म्हणायचे. इथे सगळ्यांच्या कानांत वायरी होत्या. सुरक्षारक्षक येऊन म्हणाला, मॅडम, इथे सॅम्पल वाटायला परवानगी लागते. त्याला वाटलं होतं शाम्पूचं असेल.

ताई बाहेर आली. तिने एक पत्रक घेतलं, तिथेच उभं राहून पूर्ण वाचलं. मग उरलेला सगळा गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला, मला रिक्षात बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

“दुसरा परिच्छेद संपतच नाही गं,” ती म्हणाली. “धाप लागते.”

“तू त्यांचा चालता फलक आहेस.”

“धावता.”

मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. तिने मात्र वाटेत रिक्षा थांबवून माझ्यासाठी भेळ बांधून घेतली. भांडणात माझी भूक वाढते हे तिला माहीत आहे.

तो गठ्ठा आमच्या घराच्या रीतीप्रमाणे आईकडे गेला. ताईला शर्यतीत खायला कंपनीने चकचकीत पाकिटांतलं गोड, चिकट जेल दिलं होतं. तिने एक चाखून पाहिलं आणि म्हणाली, खोकल्याचं औषध पिऊन कोण धावेल? तेव्हा आईने शेंगदाणे भाजले, गूळ घातला, लाडू वळले. प्लास्टिक आमच्याकडे चालत नाही, म्हणून प्रत्येक लाडू वेगळ्या पत्रकात गुंडाळला आणि दोऱ्याने बांधला. म्हणजे माझी बहीण कंपनीचं नाव अंगावर आणि कंपनीच्या विरोधातलं पत्रक पाठपिशवीत घेऊन वाळवंटात गेली. जाताना मी स्टेशनवर गेले नाही. तत्त्व होतं माझं. घराच्या जिन्यात मात्र तिची पिशवी मीच खाली नेली.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती पुढच्या टप्प्यावर पोहोचली नाही. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि सांगायला कंपनीचा एक मुलगा आला. माझ्याच वयाचा असेल. हातात फळांची करंडी. बाबांनी त्याला खुर्ची दिली, आईने चहा टाकला. तो म्हणाला, आंधी आली होती, वाट दाखवायला लावलेल्या झेंड्या उडाल्या, जीपगाड्या शोधतायत, आज सापडतीलच मॅडम. मग थोडं थांबून, जमिनीकडे बघत म्हणाला की एक गोष्ट सांगायला त्याला सांगण्यात आलंय, मॅडम या शर्यतीला वैयक्तिकरीत्या गेल्या होत्या, कंपनीतर्फे नाही.

मी उठलेच होते. बाबांनी हाताने मला खाली बसवलं. अगदी शांतपणे त्याला विचारलं,

“अंगात शर्ट कोणाचा होता?”

मुलाचे डोळे भरून आले. त्याच्या बशीत चहा सांडला. आईने ती त्याच्या हातातून घेतली, दुसरा कप आणून दिला आणि म्हणाली, “तुम्ही काहून रडता? तुम्ही का ती वाट पुसली?” आई वऱ्हाडातली. पुण्यात इतकी वर्षं काढून तिची भाषा सरळ झाली होती, पण जीव टांगणीला लागला की ‘काहून’ परत यायचं. त्या दिवशी ते दिवसभर येत राहिलं.

मग वाट बघणं सुरू झालं. वरचे काका खाली आले, आमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला परस्पर वाटेला लावू लागले. “सापडेल. आत गर्दी करू नका. कात्रजच्या घाटात न हरवणारी मुलगी आहे ती.” आई पुन्हा शेंगदाणे भाजायला बसली. सोललेल्या दाण्यांची सालं पाखडताना तिचं सूप थांबत नव्हतं. आल्यावर खाईल, एवढंच म्हणाली. मी मात्र डोक्यात पत्रक लिहीत होते. त्या मुलाविरुद्ध नाही, त्याला पाठवणाऱ्यांविरुद्ध. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते थांबायचं, कारण पुढचं वाक्य ताई परत येण्यावर अवलंबून होतं. ती नसती तर ते पत्रक मला लिहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा सायकल काढून घाटात गेले. बाटली भरून, कॅरिअरला बांधून, रोजच्यासारखी. परत आले तेव्हा बाटली तशीच भरलेली होती. त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि कोणी तिला हात लावला नाही.

दुपारी माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. आवाज खरवडलेला, ओळखू न येणारा.

“तुझी पत्रकं शेळीने खाल्ली,” ताई म्हणाली.

मी फोन आईकडे दिला आणि ओट्यावरची बाटली उघडून तिथेच उभी राहून सगळं पाणी पिऊन टाकलं. का ते माहीत नाही.

ती घरी आली तेव्हा ओठ फुटलेले, पायांची कातडी निघालेली, आणि पाठपिशवीत एक चुरगळलेलं पत्रक, त्याला मधोमध भोक. आईने पाय मांडीवर घेतले ते आठवडाभर सोडले नाहीत. काय झालं ते ताईने सगळ्यांना सांगितलं ते असं. आंधी आली, ती तोंड झाकून बसून राहिली. वारा थांबला तेव्हा तिच्या पावलांचे ठसे नव्हते, झेंड्या नव्हत्या, टेकड्यांची तोंडंसुद्धा फिरलेली. ओळखीची वाटली त्या दिशेला ती चालली आणि ती दिशा चुकीची निघाली. सकाळी तिने ठरवलं की आता धावायचं नाही. जिथे सावली दिसेल तिथे जायचं आणि बसायचं. पण बसलेला माणूस लांबून दिसत नाही. तेव्हा तिने लाडवांच्या पुड्या सोडल्या, लाडू रुमालात बांधले आणि वाटेतल्या काटेरी झुडपांना एकेक पत्रक टोचत गेली. बाबांनी शिकवलं होतं तसं, वर. शेवटी एक खेजडीचं झाड लागलं. तिथे वाळू उकरून गार वाळूत पाय पुरले, आणि बाटलीतल्या उरलेल्या पाण्याने नुसती जीभ ओली करत दिवस आणि मग रात्र काढली. लाडू होते, पण गिळता येत नव्हते. शिट्टी होती, पण ओठ मिटत नव्हते.

चिंचवडच्या शेळ्यांपेक्षा तिथल्या शेळ्या उंच उड्या मारतात. दुसऱ्या सकाळी एका बाईने आपल्या शेळीच्या तोंडातून अर्धा कागद ओढून काढला. त्या भागात कागद येतो कुठून, म्हणून तिने तो तिथून जाणाऱ्या शोधाच्या जीपला हात करून दाखवला. जीपच्या ड्रायव्हरला अक्षरं वाचता आली, भाषा अर्धीमुर्धीच लागली. पुढच्या झुडपावर अख्खं पत्रक होतं. त्याने मथळा मोठ्याने वाचला. ‘धावताय, पण कोणासाठी?’

“त्याला वाटलं, मी मरता मरता विचारतेय,” ताई म्हणाली.

घरात तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले. बाबा हसता हसता उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पण ही सगळी हकिकत नव्हती. उरलेली मला काही दिवसांनी कळली, आईबाबा मंडईत गेले होते त्या सकाळी. मी तिच्या टाचेला मलम लावत होते आणि विचारलं की एवढे सगळे धावत होते, आंधी सगळ्यांवर आली, मग तूच कशी चुकलीस? ती आधी म्हणाली, नशीब. मग म्हणाली, दार लाव.

वारा नुसता वाढू लागला होता तेव्हा ती एका टेकाडाच्या आडोशाला लाडू खायला थांबली होती. पुडी सोडली आणि पत्रक हातातून उडालं. ती त्याच्यामागे धावली. कागद उतारावर एका झुडपाला अडकला, ती पोहोचायच्या आत पुन्हा उडाला. ती पुन्हा मागे. असं कितीदा झालं ते तिला आठवत नव्हतं. शेवटी कागद हातात आला, तिने तो झटकला, खिशात घातला आणि वर पाहिलं तर आभाळ पिवळं झालेलं आणि आखलेली वाट कुठल्या बाजूला राहिली ते कळेना.

मी मलमाची डबी खाली ठेवली. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

“एका चिठोऱ्यासाठी जीव जात होता तुझा.”

“चिठोरा काय म्हणतेस? तुझंच पत्रक होतं.”

“जाऊ द्यायचं.”

“विचार केलाच नाही गं. उडालं आणि मी मागे. बाबा म्हणायचे ना, उचल.” मग पाय माझ्या हातातून सोडवून घेत म्हणाली, “त्यांना सांगू नकोस. माझ्यामागे सायकल काढायची सोडतील ते.”

मी सांगितलं नाही. पुढे कितीतरी दिवसांनी, अगदी अलीकडे, तिने स्वतःच सांगितलं, म्हणून हे लिहिते आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पण सापडलं ना पत्रक?”

ती बरी होत होती तेव्हा कंपनीला पुन्हा प्रेम आलं. सत्काराचं ठरलं. लिफ्टमधला फोटो बदलून मोठा लावला. ताईने कळवलं की येते, फक्त एवढं जाहीर करा की मी तुमच्यातर्फे गेले होते, हरवले तेव्हासुद्धा. त्यावर उत्तर आलं नाही. सत्काराचा दिवस आला आणि गेला. ती कामावर रुजू झाली त्या संध्याकाळी माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, काढ एक.

मी दोन पानं लिहिली. उदारीकरणापासून सुरुवात केली होती. ती पेन घेऊन बसली. हे काढ. हेही काढ. हे खरं आहे, पण काढ. एका ठिकाणी मी हट्टाला पेटले, तेव्हा म्हणाली, “जीपमधून वाचता आलं पाहिजे.” शेवटी अर्धं पान उरलं आणि मथळा बाबांचा, ‘अंगात शर्ट कोणाचा होता?’ मला सांगायला हवं की माझ्या पहिल्या पत्रकातलं एकही वाक्य मी मागे घेतलेलं नाही. दुसरा परिच्छेद लांब होता, एवढं मान्य.

खराडीच्या गेटवर आम्ही संध्याकाळी उभ्या राहिलो, कंपनीच्या बस सुटायच्या वेळेला. ताईच्या टाचेला अजून पट्टी होती. तिच्या ओळखीचे लोक कानातल्या वायरी काढून थांबत होते. काही जण पत्रक घेऊन लगेच खिशात घालत होते, कोणी बघत नाही ना ते पाहून. फळांची करंडी आणणारा मुलगाही आला. त्याने दोन मागितली. बाबा आले ते कात्रजपासून सायकलवर, आणि आल्या आल्या म्हणाले की गठ्ठा चुकीच्या हातात धरलाय तुम्ही.

एका मुलीने घेतलेलं पत्रक तिच्या हातातून निसटलं. समोरून बस गेली, तिच्या वाऱ्याने ते उडून रस्त्याच्या मधोमध गेलं. माझ्या शेजारी ताईचं अंग पुढे झुकलेलं मला जाणवलं, भोंगा झाल्यासारखं. मी तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं.

“राहू दे.”

ती थांबली. आमच्या घरातलं हे पहिलंच पत्रक असेल जे आम्ही बघत राहिलो आणि उचललं नाही.

बाबांनी सायकल स्टँडवर लावली. हात वर करून पुढची बस थांबवली, सावकाश चालत गेले, वाकून पत्रक उचललं, मांडीवर झटकलं. मग पुढचा माणूस कोण ते शोधायला मान वळवली आणि थांबलेल्या त्याच बसच्या खिडकीतून ते ड्रायव्हरला दिलं.

“सांगू का त्यांना आता, मी कशी चुकले ते?” ताई माझ्या कानाशी म्हणाली.

“नको,” मी म्हणाले. तिचं मनगट मी अजून सोडलं नव्हतं. ड्रायव्हरने पत्रक स्टिअरिंगवर टेकवलं होतं आणि वाचायला सुरुवात केली होती, आणि मागच्या सगळ्या बस हॉर्न देत होत्या.